माठ वाजवून घेतो तसं विमान वाजवून बघतात : कॉम्पोझिटच्या पोटातले दोष कसे शोधतात

बाजारात माठ घेताना आपण काय करतो, तर बोट दुमडून टकटक वाजवून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला की ठेवून द्यायचा. फरशी बसवून झाली की मिस्त्रीपण तेच करतो, पोकळ वाजली फरशी की उचलायची आणि खाली परत माल भरायचा. आता सांगितलं तर पटणार नाही पण विमानाच्या शेपटीवर, पवनचक्कीच्या पात्यावर आजही असंच वाजवून बघतात, त्याला टॅप टेस्ट म्हणतात, हातात एक छोटीशी हातोडी किंवा नुसतं जाडसं नाणं, आणि कान. मी कॉम्पोझिटच्या क्वालिटी विभागात काम करतो आणि घरी कुणी विचारलं की तू नक्की करतोस काय, तर मी माठापासूनच सुरुवात करतो, कारण माठ कळला की पुढचं सगळं कळतं. फक्त एक गोष्ट जास्तीची लक्षात ठेवायची, ती म्हणजे माठाला तडा कुठे आहे हे कान सांगत नाही, आणि काही तडे तर कानाला ऐकूच येत नाहीत. कुठल्या तपासणीला काय दिसतं आणि काय दिसतच नाही, माझ्या मते या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि नेमकं त्यावरच कमी बोललं जातं.

आधी कॉम्पोझिट म्हणजे काय ते बघू. दोन वेगळे पदार्थ एकत्र करून तिसरा बनवायचा, जो दोघांपेक्षा कामाचा असेल. पूर्वी भिंतीच्या मातीत गवत-भुसा कालवायचे, तीच कल्पना. आजच्या भाषेत सांगायचं तर कार्बनचे किंवा काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं रेझिन, बहुतेक वेळा इपॉक्सी. कार्बनचा एक धागा ५ ते ७ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचा असतो, आपला केस साधारण ७० मायक्रॉनचा, म्हणजे एका केसाच्या रुंदीत दहाएक धागे शेजारी शेजारी बसतील. असे हजारो धागे एका दिशेनं अंथरले की एक थर होतो, त्याला आम्ही प्लाय म्हणतो, जाडी पाव मिलिमीटर किंवा त्याहून कमी. मग एक थर सरळ, दुसरा ४५ अंशात, तिसरा आडवा असं एकावर एक रचत जायचं, वरून व्हॅक्युम बॅग लावायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे एक अवाढव्य प्रेशर कुकरच समजा, उष्णता आणि दाब देऊन पक्कं करायचं.

गोधडी डोळ्यासमोर आणा. जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे थर एकावर एक. पण गोधडीला वरून खालपर्यंत आरपार टाके असतात आणि म्हणून थर हलत नाहीत. आपल्या लॅमिनेटला, म्हणजे थर रचून पक्क्या केलेल्या या पॅनलला, ते टाकेच नसतात! थराच्या आत धागे आहेत, त्या दिशेला ताकद जबरदस्त, पण एक थर आणि त्याच्या खालचा थर यांच्यामध्ये आहे ते फक्त रेझिन, म्हणजे शेवटी गोंदच. त्यामुळे कॉम्पोझिट जेव्हा बिघडतं तेव्हा बरेचदा थर सुटायला लागतात, डिलॅमिनेशन म्हणतात ते हेच.

हे कुठे वापरतात विचाराल तर आता कुठे नाही तेच सांगणं सोपं. बोइंग ७८७ वजनाने जवळपास अर्धं कॉम्पोझिटचं आहे, एअरबस ए३५० थोडं जास्तच, ५३ टक्के. आपल्या तेजसमध्ये वजनाच्या ४५ टक्क्यांच्या आसपास, आणि बाहेरून दिसतो तो पृष्ठभाग तर ९० टक्के कॉम्पोझिटचा. साताऱ्याकडे चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारावर गेलात तर ज्या पवनचक्क्या दिसतात त्यांची पाती काचेच्या धाग्यांची.

आता अडचण कुठे येते बघा. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर पाना पडला तर पोचा पडतो, दिसतो, कुणीतरी सांगतं की इथे काहीतरी आदळलंय. कार्बनच्या पॅनलवर तोच पाना पडला तर वरचा भाग दाबला जातो आणि परत जागेवर येतो, नखानेसुद्धा जाणवणार नाही असा खळगा राहतो किंवा काहीच राहत नाही. आणि आत? आत एकेका थराच्या सांध्यात तडे गेलेले असतात, वरून खाली जाताना नुकसान पसरत जातं, तंबूसारखं, वर टोक आणि खाली घेर. प्रत्येक सांध्यातल्या सुटलेल्या भागाचा आकार भुईमुगाच्या शेंगेसारखा असतो आणि ती शेंग खालच्या थरातल्या धाग्यांच्या दिशेनं लांबट होते, थर फिरतील तशी शेंगही फिरत जाते, जिन्याच्या गोल पायऱ्या असाव्यात तशी. पहिल्यांदा स्क्रीनवर हे बघितलं तेव्हा मी दहा मिनिटं तिथेच बसून होतो, कारण वरून त्या पॅनलला रंगाचा साधा ओरखडाही नव्हता. अशा पॅनलला ताणलं तर ते बऱ्यापैकी टिकतं, पण दाबलं की सुटे झालेले पातळ थर एकेक करून वाकतात आणि ताकद खूप खाली येते.

आदळण्यामुळे झालेलं नुकसान हा एक प्रकार. बाकीचे दोष बनवतानाच आत जातात, म्हणजे रेझिनमध्ये अडकलेली हवा, बारीक बारीक बुडबुडे, त्याला पोरॉसिटी म्हणतात, ढोकळ्याला जाळी पडते तशी पण इथे ती नको असते. विमानाच्या कामात साधारण एक-दोन टक्क्यांच्या वर गेली की पार्ट अडकतो, कारण दर एक टक्का पोरॉसिटीमागे थरांमधली पकड ढोबळमानाने ७ टक्क्यांनी कमी होते असं धरतात. मग धाग्यांना पडलेल्या सुरकुत्या, रेझिन न पोचलेले कोरडे भाग, चिकटवलेल्या जोडाचं सुटणं, आणि आत राहून गेलेला कागद-प्लॅस्टिकचा तुकडा.

आता तपासणीकडे येऊ, आणि सगळ्यात जास्त वेळ अल्ट्रासाउंडवर घालवतो कारण आमचं निम्मं आयुष्य त्यातच जातं. गरोदर बाईची सोनोग्राफी सगळ्यांना माहितीये, तेच तंत्र, तसंच जेलही लावतो कधी किंवा पाणी वापरतो, कारण प्रोब (आवाज सोडणारा आणि ऐकणारा दांडा) आणि पॅनलच्या मध्ये हवेचा पातळ पापुद्रा जरी राहिला तरी आवाज आत शिरतच नाही. आणि हीच गोष्ट आपल्या कामाला येते! हवेला आवाज टेकला की जवळजवळ सगळा मागे फिरतो, मग आत थर सुटून मध्ये हवा असेल तर तिथूनच प्रतिध्वनी परत येणार. हिशोब सोपा आहे, कार्बन लॅमिनेटमध्ये आडव्या थरांमधून खाली जाताना आवाजाचा वेग सेकंदाला ३००० मीटरच्या आसपास, पॅनल ३ मिलिमीटर जाड, जाऊन-येऊन ६ मिलिमीटर, म्हणजे मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी २ मायक्रोसेकंदांनी यायला हवा. तो १ मायक्रोसेकंदातच आला तर बरोब्बर मध्यावर, दीड मिलिमीटरवर काहीतरी आहे. विहिरीत ओ दिली की आवाज किती वेळात परत येतो त्यावरून पाणी किती खोल ते ठरवावं, तसं.

प्रोब एका जागी ठेवून जो आलेख दिसतो तो ए-स्कॅन, आणि प्रोब सगळ्या पॅनलवर ओळीओळीने फिरवून प्रत्येक बिंदूला रंग दिला की वरून बघितल्यासारखा नकाशा तयार होतो, तो सी-स्कॅन. पोरॉसिटीचं मात्र वेगळं असतं, ते बुडबुडे इतके लहान की स्वतःचा असा ठळक प्रतिध्वनी देत नाहीत, आवाज इकडेतिकडे विखुरतात आणि मागच्या भिंतीचा प्रतिध्वनी बारीक होत जातो, धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे फिके होतात तसा. म्हणून नुसतं मध्ये काही दिसतंय का एवढंच बघून चालत नाही, मागची भिंत नीट दिसतेय का हेही बघायचं.

मागे एकदा आमच्याकडे ड्रोनच्या पंखाचं एक पॅनल स्कॅनला आलं होतं. सगळीकडे छान हिरवा रंग आणि एका कोपऱ्यात लाल पट्टा, दोन बोटं रुंद. मी सरळ डिलॅमिनेशन लिहून मोकळा होणार होतो तेवढ्यात आमचे एक ज्येष्ठ सहकारी, त्यांना सगळे काका म्हणतात, मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "अरे कडा बघ ना. थर आपोआप सुटला तर त्याची कड अशी पट्टीने आखल्यासारखी असते का?" खरंच, पट्ट्याच्या दोन कडा एकदम सरळ आणि कोपरा काटकोनात. प्रीप्रेग, म्हणजे आधीच रेझिन लावलेलं कार्बनचं कापड, त्याला संरक्षणासाठी प्लॅस्टिकची पातळ फिल्म असते, लेअप करताना, म्हणजे थर रचताना, ती काढायची असते, तिचाच कापलेला एक तुकडा आत राहिला होता. पॅनल तसंही बाद होतं म्हणून आम्ही ते कापून मायक्रोस्कोपखाली घेतलं, आणि तिसऱ्या-चौथ्या थराच्या मध्ये एक सुरेख एकसारखी रेघ दिसली, दोन्ही बाजूंना रेझिन अगदी गुळगुळीत, कुठेही चिकटलेलं नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे काढलेली प्रत्येक फिल्म टेबलावर मांडून मोजतात, जितके थर तितक्या फिल्म, एक जरी कमी भरली तरी पुढचा थर टाकायचा नाही.

मायक्रोस्कोपचं काम म्हणजे पॅनल कापून बघणं, त्यामुळे ते नॉन-डिस्ट्रक्टिव्ह, म्हणजे वस्तू न तोडता केलेलं, नाही हे उघड आहे. पण स्कॅनमध्ये जे रंग दिसतात त्यांचा खरा अर्थ काय, हे शिकवतो तो मायक्रोस्कोपच. ५ मेगाहर्ट्झच्या आवाजाची लहर कार्बनमध्ये ०.६ मिलिमीटर लांब असते, तिला ६ मायक्रॉनचा धागा काय दिसणार! तो इथे दिसतो. डायमंड ब्लेडने, पाणी सोडत, नखाएवढा तुकडा कापायचा, गरम न करता घट्ट होणाऱ्या इपॉक्सीत बसवायचा आणि मग घासत बसायचं, आधी जाड पॉलिश पेपर, मग ६००, मग १२००, दर वेळी तुकडा ९० अंशात फिरवायचा म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले का ते कळतं, मध्ये धुवायचा, शेवटी १ मायक्रॉनची डायमंड पेस्ट मऊ कापडावर. तासभर सहज जातो. पण मग मायक्रोस्कोपला डोळा लावला की करड्या रंगाच्या रेझिनमध्ये धाग्यांचे चकाकते गोल ठिपके, हजारो, जिथे थराची दिशा बदलते तिथे गोलाचे लंबगोल झालेले, आणि ४५ अंशाचा थर ओळखायचा असेल तर याच लंबगोलांवरून. काळं दिसतंय ते छिद्र.

निदान छिद्र वाटतं. इथे फसायला होतं आणि मी फसलोय. घाईत घासलं तर धागे मुळापासून उपटून येतात आणि तिथे काळा खड्डा दिसतो, बघणारा म्हणतो पोरॉसिटी आहे. उलटंही होतं, घासताना निघालेला चुरा खऱ्या छिद्रात भरतो आणि छिद्र दिसेनासं होतं. घासून झाल्यावर तडा दिसला तर तो आधीचा की आपण घासताना पाडलेला, हे कसं ठरवणार? त्यासाठी एक छान युक्ती आहे. घासायच्या आधी तुकडा व्हॅक्युममध्ये ठेवून फ्लुओरेसंट रंग घातलेलं पातळ रेझिन आत ओढून घेतात, मग अतिनील प्रकाशात जो तडा चमकतो तो आधीपासून होता, आणि जो चमकत नाही तो घासताना झाला. आणि तुटलेल्या भागाचं बघायचं असेल तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप. थर एकमेकांवरून सरकून तुटले असतील तर रेझिनवर तिरप्या खवल्यांसारख्या ओळी उठतात, ओढून वेगळे झाले असतील तर पृष्ठभाग बराच सपाट राहतो. तुटण्याचा इतिहास त्या पृष्ठभागावर लिहिलेला असतो म्हणा ना. १२ नोव्हेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन एअरलाइन्सचं ए३०० कोसळलं, २६५ माणसं गेली, शेपटीचा उभा भाग हवेतच निघाला होता, आणि कार्बनच्या ज्या कानांनी तो भाग विमानाला जोडलेला असतो ते कान तुटले होते. त्या तुटलेल्या पृष्ठभागांचा असाच बारकाईनं अभ्यास झाला, आणि निष्कर्ष निघाला की मटेरियल आधीच सडकं नव्हतं, रडर, म्हणजे शेपटीच्या उभ्या भागाचा मागचा हलता पंखा, जोरात इकडून तिकडे फिरवल्यामुळे आलेला भारच झेपण्यापलीकडचा होता.

बाकीच्या पद्धती थोडक्यात सांगतो. थर्मोग्राफीमध्ये फ्लॅशने पॅनल क्षणभर तापवतात आणि इन्फ्रारेड कॅमेऱ्याने ते थंड होताना बघतात, खाली थर सुटला असेल तर उष्णता तिथे अडते आणि तो भाग जास्त वेळ गरम दिसतो. भराभर होतं, हात लावावा लागत नाही, पण दुप्पट खोल गेलं की चौपट वेळ लागतो आणि चित्र पुसट होत जातं, त्यामुळे हे वरवरच्या दोषांसाठीच. एक्स-रे मध्ये एक गंमतशीर अडचण आहे, सपाट सुटलेला थर वरून घेतलेल्या एक्स-रेत जवळजवळ दिसतच नाही, कारण किरणांच्या वाटेत मटेरियल तेवढंच आहे, कमी झालेलं नाही. पुस्तकाची दोन पानं चिकटलेली आहेत की सुटी, हे पुस्तकाच्या एक्स-रेवरून कसं कळावं? उभा तडा किंवा हनीकोंबमध्ये (मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ गाभ्यात) साचलेलं पाणी मात्र एक्स-रेत लगेच दिसतं. सीटी स्कॅन केला तर सगळंच तिन्ही बाजूंनी दिसतं, पण बारीक बघायचं असेल तर तुकडाही बारीक लागतो. कॅमेऱ्याला आडवे २००० पिक्सेल असतील आणि एकेक मायक्रॉन बघायचा असेल तर तुकडा २ मिलिमीटरचाच हवा. पवनचक्कीचं पन्नास-साठ मीटरचं पातं काही सीटीत जात नाही. तिथे दोरावर लटकलेला माणूस, हातोडी, टॉर्च आणि हातात धरायचं अल्ट्रासाउंड, हेच.

आता त्या टॅप टेस्टकडे परत येतो. ६ मार्च २००५, एअर ट्रान्सॅटचं ए३१० क्यूबातल्या वरादेरोहून क्यूबेकला निघालं होतं, हवेत मोठा आवाज आला आणि विमान हलायला लागलं. वैमानिकांनी परत फिरून ते सुखरूप उतरवलं. खाली उतरून बघतात तर शेपटीचा रडर जवळजवळ सगळा गायब. हा रडर म्हणजे सँडविच, बाहेर पातळ कॉम्पोझिटची कातडी, मध्ये मधाच्या पोळ्यासारखं हनीकोंब, आत परत एक कातडी. त्या काळी अशा रडरची नेहमीची तपासणी म्हणजे डोळ्याने बघणं आणि वाजवून बघणं. त्याच वर्षी दुसऱ्या एका विमानाचा रडर दुरुस्तीच्या वेळी उघडला गेला आणि आतली कातडी हनीकोंबपासून मोठ्या भागात सुटलेली सापडली, हायड्रॉलिक तेल झिरपून. आतली! बाहेरून ठोकलं तर बाहेरची कातडी घट्ट आहे, आवाज खणखणीत येणार, ठोकणाऱ्याची काहीच चूक नाही. आणि सुटलेल्या भागात हवा अडकलेली असते, विमान वर गेलं की बाहेरचा दाब कमी होतो, आतली हवा कातडीला ढकलते, खाली आलं की परत बसते, आणि असं प्रत्येक उड्डाणाला होत राहून सुटलेला भाग वाढतो, हे चाचणीत दिसलं. त्यानंतर मार्च २००६ मध्ये अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने अशा रडरची तातडीने आणखी कसून तपासणी करायला सांगितलं.

आणि टायटन. १८ जून २०२३, टायटॅनिकचे अवशेष बघायला गेलेली पाणबुडी पाण्याच्या दाबाने चिरडली, आतली पाचही माणसं गेली. ३८०० मीटर खोलीवर दाब ३८० बारच्या आसपास, आणि मधलं नळकांडं १२७ मिलिमीटर जाड कार्बन फायबरचं, साधारण एकेक इंचाचे पाच थर वेगवेगळे पक्के करून एकावर एक चिकटवलेले, मध्ये आलेल्या सुरकुत्या घासून सपाट केलेल्या. बनवताना कापून उरलेले तुकडे जपून ठेवलेले होते, तपासकांनी ते तपासले तर त्यात धाग्यांच्या सुरकुत्या, पोरॉसिटी, छिद्रं सापडली. पाणबुडीच्या अवशेषांमध्येही नळकांडं थराथरांत सुटलेलं होतं. जुलै २०२२ मध्ये एका सफरीत वर येताना मोठा आवाज झाला होता, त्यानंतरच्या स्ट्रेनच्या, म्हणजे दाबाखाली नळकांडं किती आकसतंय त्याच्या, नोंदी आधीसारख्या राहिल्या नव्हत्या. पाणबुडीवर आवाज ऐकणारे सेन्सर होते, धागे तुटताना जो आवाज होतो तो पकडणारे. तंत्र चांगलं आहे, आम्हीही वापरतो, पण ते चाललेलं नुकसान ऐकतं. आधीपासून आत काय आहे ते त्याला सांगता येत नाही. मला या सगळ्यात सर्वात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे ते कापून उरलेले तुकडे. नखाएवढा तुकडा, तासभर पॉलिश, आणि बरंच काही दिसलं असतं.

म्हणून माझा आग्रह असतो की रिपोर्टवर नुसतं "दोष आढळला नाही" असं वाचून पान उलटू नका, खाली लिहिलेलं असतं ते वाचा, कुठली पद्धत, किती फ्रिक्वेन्सी, एका बाजूने बघितलं की दोन्ही, आणि मशीन कुठल्या नमुन्यावर सेट केलं. त्या नमुन्याच्या पॅनलमध्ये आम्ही मुद्दाम टेफ्लॉनचे ठराविक मापाचे तुकडे ठराविक खोलीवर घालून ठेवतो, सकाळी पहिलं काम म्हणजे मशीनला ते दिसतायत का बघणं. ६ मिलिमीटरचा तुकडा दिसला तर ६ च्या वरच्या दोषांबद्दल बोलायचं, ३ मिलिमीटरबद्दल आपण काही बोललोच नाही.

आणि एक दोष असा आहे की ज्यापुढे यातली एकही पद्धत भरवशाने चालत नाही. दोन भाग चिकटवले, मध्ये गोंद पूर्ण भरलाय, हवा कुठेही नाही, पण पृष्ठभागावर हाताचं तेल किंवा साच्याचं रिलीज एजंट (पार्ट साच्याला चिकटू नये म्हणून लावतात ते) राहिलं होतं, म्हणून गोंद टेकलाय पण धरलेलं नाही. त्याला किसिंग बाँड म्हणतात. आवाज आरपार जातो, उष्णता जाते, एक्स-रेला काही दिसत नाही, स्कॅन अगदी हिरवागार येतो. मग करायचं काय, तर चिकटवण्याच्या आधीच बघायचं. आमच्याकडे बाँडिंगच्या खोलीत शिरताना ग्लोव्ह्ज बदलतात, पृष्ठभाग घासतात, पुसतात, आणि मग त्यावर शुद्ध पाणी सोडतात. पाणी एकसंध पसरून तसंच राहिलं तर पुढे जायचं, अळूच्या पानावर जमतात तसे थेंब जमले तर परत घासायला घ्यायचं.